उरलेली बारा घड्याळं

मोशी,
रविवार, २८ सप्टेंबर २०२५

गणू,

आशीर्वाद लिहू की नको, यातच एक कागद फुकट गेला. घेणार असशील तर आहेत. नसशील तर राहू देत माझ्यापाशी, इथे ठेवायला जागा भरपूर आहे. तुझ्या खोलीत हल्ली मी कांदे पसरते.

अडीच वर्षं झाली तुला जाऊन. नंबर बदललास. तुझ्या मित्रांना विचारलं की ते माझ्याकडे बघायचं सोडून माझ्या चपलांकडे बघतात. मग पत्ता कुठून मिळाला म्हणशील, तर तेही सांगते, पण आधी बातमी ऐक. वेध बंद झाली. आपली कुरुळीची कंपनी. एक तारखेला सकाळी गेटवर कागद लागला आणि दुपारी निरंजन सर स्वतः येऊन सगळ्यांना भेटले. मालक ते, पण चेहरा असा की त्यांनाच कुणीतरी कामावरून काढलंय. माझ्यापाशी येऊन म्हणाले, "विजयश्रीताई, पंधरा वर्षं दाबाच्या पॉटसमोर उभ्या राहिलात." आणि पुढच्या बाईकडे वळले.

समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठीची बाहेरची घड्याळं स्वस्त झाली, आपली विकेनात, एवढंच कारण. गाड्यांचे प्रेशर गेज बनवत राहिले असते तर आजही तिन्ही शिफ्ट चालू असत्या. पण सरांना समुद्राचं वेड लागलं, आणि त्या वेडावर आपण दोघंही जेवलो, तेव्हा नावं कुठल्या तोंडाने ठेवू?

निघताना रिसेप्शनवरची कस्तुरा रडत रडत ड्रॉवर रिकामे करत होती. ग्राहकांच्या तक्रारींचा मोबाईल हातात घेऊन म्हणाली, "ताई, हा कुणाला देऊ?" मी म्हटलं, "आण इकडे." परत कुणी मागितला नाही. तेव्हापासून तो माझ्या ओट्यावर पोळपाटाशेजारी असतो आणि दिवसभर वाजतो.

कंपनी बंद पडली की कामगारांचं काय होतं, हे सगळे विचारतात. ग्राहकांचं काय होतं, ते मला या फोनमुळे कळलं. वेबसाइट बंद, त्यामुळे लोकांच्या साठवलेल्या सगळ्या डाइव्ह, म्हणजे प्रत्येक बुडीची नोंद, गेल्या. बॅटरी आपल्याशिवाय कुणी बदलायची नाही हा नियम आपलाच, आणि झाकण उघडायची चावीही आपलीच. ती आता शेडमध्ये कुलपाआड. एकाचं घड्याळ दुरुस्तीला आलं होतं, तेही आतच अडकलंय. लोक आधी चिडतात, मग इंग्रजीत चिडतात, मग दमून विचारतात, "मॅडम, आम्ही आता काय करायचं?" मी म्हणते, मलाही कुणाला तरी हेच विचारायचंय.

शालनबाई रोज दाराशी येऊन उभ्या. घरमालकीण आहेत, त्यांना हक्कच आहे. "आगं विजये, कंपनी बंद पडली म्हनं, मग ह्यो फोन कुनाचा वाजतोय?" मी समजावलं की पाण्यात बुडी मारणारे मनगटावर घड्याळ बांधतात, किती खोल गेलो, किती वेळ राहिलो, वर येताना कुठे किती थांबायचं ते त्यातून कळतं. त्यांनी पदर तोंडाला लावला. "पान्यात घड्याळ कशाला लागतंय? खाली काय बस पकडायची हाय व्हय?" तू असतास तर हसून हसून लोळला असतास. मला एकटीला फारसं हसता आलं नाही.

आता पत्त्याचं. पिंपळे सौदागरहून प्राजक्ता नावाची एक मुलगी स्कूटरवर शोधत आली, हातात आपलं घड्याळ. नवऱ्याबरोबर केलेल्या डाइव्ह वेबसाइटवर होत्या, त्या गेल्या. माझ्याकडे केबल होती आणि एक जुना लॅपटॉप. घड्याळाच्या आत जे असतं ते कुठे जात नाही, हे तुला माहीत आहे. तासाभरात त्रेसष्ट डाइव्ह काढून दिल्या. मला वाटलं बिचारी डोळे पुसेल. तर म्हणते, "आमचा घटस्फोट झालाय हो, पण कोण जास्त खोल गेलं होतं हा वाद अजून चालू आहे." आणि जिंकली ती! चहा घेताना सहज बोलली की फेब्रुवारीत अंदमानला स्वराज द्वीपवर गेली होती, तिथला गाइड मराठी, गणराज नावाचा, तिच्या हातातलं घड्याळ बघून म्हणाला, मी या कंपनीत होतो. तिथल्या डाइव्ह सेंटरचं कार्डही तिने दिलं, पत्ता त्यावरचा.

कप माझ्या हातात होता तो खाली ठेवला. तू कसा दिसतोस, बारीक झालास का, हे विचारायचं सोडून मी तिला विचारलं, त्याच्या हातात कोणतं घड्याळ होतं? तीनदा विचारलं. ती म्हणाली, "काळं होतं काहीतरी. पाण्यात सगळी सारखीच दिसतात."

तर काम एवढंच. तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला मी तुला दिलेलं घड्याळ मला पाठवून दे. जुनं झालंय, एकदा बघून देते. आणि ते पाठवेपर्यंत घालू नकोस. सेंटरची दुसरी असतीलच. उगाच का म्हणून विचारू नकोस.

तुझी ताई


१२ ऑक्टोबर २०२५

गणू,

पत्र पोचलं असेल. पोस्टातली मुलगी म्हणाली होती, दहा दिवस धरा. मी आठ धरले आणि नवव्या दिवसापासून दारात बघायला लागले.

नवरात्र गेलं. खंडेनवमीला करायला काही नव्हतं म्हणून बसने कुरुळीला गेले. आपल्या गेटच्या कुलपाला वॉचमनने झेंडूची माळ घातली होती. यंत्रं आत, माळ बाहेर. तो म्हणाला, "ताई, सवय हाय, हात रिकामा राहीना." मी कुलपाला हात जोडले आणि परत आले. त्या दिवसाबद्दल मला जास्त लिहायचं नाही.

मी आजकाल आपणहून ग्राहकांना फोन करते. सगळ्यांना नाही, अकरा जणांना. जुन्या पीसमध्ये थोडा प्रॉब्लेम आहे, घड्याळ वापरू नका, असं सांगायचं काम आहे. "वेध इन्स्ट्रुमेंट्सकडून बोलतेय" म्हणायची जिभेला सवय आहे, पण आता ते म्हटलं की पलीकडचा सावध होतो. गोव्याचे एक गृहस्थ म्हणाले, "कंपनी तर बंद आहे. तुम्ही पुढे ओटीपी मागणार ना?" मी म्हटलं, नाही हो. तर म्हणाले, "मग काय मागणार?" मी म्हटलं, काहीच नाही, फक्त ते घालू नका. त्यावर त्यांचा संशय आणखीच वाढला. फुकटात काळजी करणारी बाई त्यांना चोर वाटली. शेवटी त्यांच्या बायकोला सांगितलं तेव्हा त्यांनी ते काढून ठेवलं.

एकाने आपलं घड्याळ पुदुच्चेरीच्या मित्राला विकलंय, त्या मित्राने आणखी कुणाला. एकीचा फोन लागतच नाही. बाकीच्यांपैकी सहा जणांना सांगून झालं.

तुला फोन का करत नाही, असं वाटेल. प्राजक्ताने दिलेल्या कार्डावर सेंटरचा नंबर आहे. मी तीनदा लावला. दोनदा कुणी हिंदी बोलणारा होता. तिसऱ्यांदा तू होतास. "हॅलो" म्हणालास, मग "हां जी, बोलिए." आवाज बसलाय तुझा, की मोठा झालायस, कळलं नाही. मी फोन ठेवला.

मला माहीत आहे, तुमचा सीझन आता सुरू होतोय. म्हणून परत सांगते, ते घड्याळ पाठव. काही झालेलं नाही, मी नुसती काळजी करते, ती माझी जुनी खोड आहे. आई गेली तेव्हा तू सातवीत होतास; परांड्याहून तुला इथे आणलं तेव्हापासून रस्ता ओलांडतानासुद्धा तुझा दंड धरायचे आणि तू मित्रांसमोर सोडवून घ्यायचास. आता समुद्र आहे, मी इथून काय धरणार?

पाठव रे बाबा.

ताई


२४ ऑक्टोबर २०२५

गणू,

काल भाऊबीज झाली. ओवाळायचं कुणाला, म्हणून चंद्राला ओवाळलं. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं. मग मनात आलं की आपल्याला भाऊ आहे, आणि निरांजन घेऊन गच्चीत उभीच राहिले. शालनबाई खालून ओरडल्या, "विजये, तेल सांडंल!" तेव्हा भानावर आले.

आज सकाळी ओट्यावरचा फोन वाजला. मालवणहून. मी नाव विचारलं आणि नाव ऐकून गॅस बंद केला. जयदीप. त्यांना तू कधी पाहिलेलं नाहीस, पण त्यांचं नाव तुला पाठ असणार. जेटीच्या कामावर बुडी मारताना ज्यांना त्रास झाला, ते. ज्यांच्या तक्रारीवरून तुला काढलं, ते.

त्यांना कंपनी बंद झाल्याचं माहीत नव्हतं. बदलून दिलेल्या घड्याळाची बॅटरी संपली म्हणून फोन केला होता. मी सांगितलं की आता बॅटरी मिळणार नाही. चिडले नाहीत. म्हणाले, "काय करणार, ताई. चांगली कंपनी होती. माझा खांदा अजून वर जात नाही, शर्ट घालायला बायको लागते, पण तुमच्या लोकांनी एका शब्दावर घड्याळ बदलून दिलं." मग म्हणाले, "त्या तपासणीच्या मुलाला काढलं म्हणे माझ्यामुळे. मी तसं म्हटलं नव्हतं हो. वर येताना माझंच काही चुकलं असेल, असं मी अजून धरून आहे. तो पोरगा लागला का कुठे?"

मी म्हटलं, लागला.

ते म्हणाले, "देव बरं करो त्याचं."

गणू, त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. तुझंही

हे वाक्य पुरं होत नाहीये. दोनदा उठले, दूध तापवलं, परत बसले. आज राहू दे.


२५ ऑक्टोबर, सकाळी सात

कालचं पत्र टाकलं नाही, त्यालाच जोडून लिहिते. आता उठणार नाही.

२०२२ ची खंडेनवमी. त्या वर्षी नवमीचा रंग गुलाबी होता, लाइनवरच्या सगळ्या बायका गुलाबी साड्या नेसून आलो होतो. एरवी ॲप्रन असतो, त्या दिवशी पदर होता. सगळ्या खात्यांनी आपापली हत्यारं पुसून पाटावर मांडली. स्क्रूड्रायव्हर, मल्टिमीटर, सगळं. माझ्याकडे मांडायला काय? मास्टर गेज, ज्याच्या आकड्यावर सगळी घड्याळं जुळवायची तो. तो जागेवरून हलवायचा नाही, हे मला बारा वर्षं पाठ होतं, मीच नव्या मुलींना शिकवायचे. पण जो गेज वर्षभर आपल्याला पोसतो त्याला एक दिवस पाटावर बसवायचं नाही, हे माझ्या मनाला पटेना. मी तो काढला, लाल कापडावर ठेवला, कुंकू लावलं. वळताना पदर स्टुलाला अडकला, पाट सरकला आणि गेज फरशीवर पडला.

आवाज फार झाला नाही. काचही फुटली नाही. मी उचलला, कपाळाला लावला आणि परत जागेवर बसवला. एखाद्याला पाय लागला की आपण नमस्कार करतो तसं. माझ्या मनात तेव्हा फक्त एवढंच आलं की सणाच्या दिवशी पूजेतली वस्तू पडली, अपशकुन झाला, आणि देवीची माफी मागितली. देवीने केलीही असेल माफ. गेजला माफी कळत नाही. तो लॅबला पाठवायला हवा होता. पण मग दहा दिवस लाइन बंद, दिवाळीची ऑर्डर अडकली असती, सरांनी नुकताच नारळ फोडलेला, आणि मी सगळ्यांसमोर कुठल्या तोंडाने सांगणार होते की माझ्या हातून पडला?

आणि तू दारात उभा होतास. पेढ्यांचा बॉक्स घेऊन. गेज कपाळाला लावलेला बघून म्हणालास, "काय करतेस गं?" मी म्हटलं, "पूजा."

त्या दिवसापासून गेज कमी दाखवायला लागला. पॉटमध्ये, म्हणजे पाण्याच्या दाबाच्या त्या टाकीत, तीस मीटर खोलीचा दाब असला की तो अठ्ठावीस म्हणायचा, आणि मी त्यावर विश्वास ठेवून प्रत्येक घड्याळाला अठ्ठावीस शिकवायचे. तू शेवटची तपासणी करायचास, तीही त्याच गेजवर, मग तुला चूक दिसणार कशी? माणूस तीसवर असायचा, घड्याळ त्याला अठ्ठावीस सांगायचं आणि वर येताना कमी थांबवायचं; त्या घाईने रक्तात बुडबुडे होतात आणि सांधे धरतात. जयदीपना तसंच वर आणलं. माझ्या हाताने.

जानेवारीत तक्रार आली तेव्हा मी वर्षाची तपासणी म्हणून गेज गुपचूप लॅबला पाठवला. रिपोर्ट आला, तो आजही साड्यांच्या घडीत आहे. नवा गेज बसला. तोवर एकेचाळीस घड्याळं बाहेर गेली होती. तपासणीच्या कार्डावर सही तुझी होती. सर म्हणाले, पोराने न बघता सह्या केल्या. तू घरी आलास, बूटही काढले नाहीस, आणि मला विचारलंस, "ताई, गेज पडला होता का?"

मी भाकरी थापत होते. मान वर न करता म्हटलं, "नाही."

तू एवढंच म्हणालास, "बरं." दुसऱ्या दिवशी बॅग भरलीस.

मी असं का केलं, हे मी स्वतःला हजारदा विचारलंय. तुझं वय कमी, तुला दुसरीकडे लागेल, माझं गेलं तर घर कसं चालेल, असं सगळं मनात मांडलं होतं. पण खरं सांगू? मला लाज वाटली. बारा वर्षं लोक म्हणायचे, विजयश्रीताईंचा हात लागला म्हणजे काम चोख. ते ऐकायची चटक लागली होती.

नंतर मी मनाची एक समजूत काढली. बॅटरी आपल्याकडेच बदलायची, म्हणजे आज ना उद्या प्रत्येक घड्याळ कुरुळीला येणारच. आलं की मी ते नव्या गेजवर गुपचूप नीट करायचे. जयदीपचं आधीच परत आलं होतं. बाकीच्यांतली अठ्ठावीस अशीच चोरून सुधारली. ग्राहकाला वाटायचं बॅटरी बदलून आलं. सगळी येतील आणि कुणाला कळायच्या आत सगळं निस्तरेल, असं धरून चालले होते. गेटवर कागद लागला तेव्हा बाकीच्या बायका पगाराचं काय म्हणून रडत होत्या. मी उरलेल्या बारा घड्याळांसाठी रडत होते. ती आता येणार नव्हती.

त्यातली अकरा ग्राहकांकडे. बारावं तुझं. दिवाळीला स्टाफच्या भावात मीच विकत घेतलं होतं, मीच पॉटमध्ये घालून तपासलं होतं, आणि ओवाळून मीच तुझ्या मनगटाला बांधलं होतं.

अनोळखी माणसांना मी फोन केले आणि तुला नाही. तुला सांगायचं म्हणजे हे सगळं सांगायचं होतं. महिनाभर मी तुझ्या जिवापेक्षा माझी अब्रू सांभाळली. आता तूच काय ते नाव ठेव.

आत्ता नऊ वाजले. सेंटरला फोन करून आले. तू बोटीवर गेला होतास. हिंदी बोलणाऱ्या मुलाला सांगितलं, गणराजच्या हातात वेधचं घड्याळ असेल तर ते काढायला लावा, ते दोन मीटर खोटं बोलतं. तो म्हणाला, "ठीक है मॅडम, बोल देंगे. आप कौन?" मी म्हटलं, उसकी बहन. तो म्हणाला, "उसने तो बताया नहीं कि बहन है."

विजयश्री


९ नोव्हेंबर २०२५

गणू,

निरोप पोचला का, पत्र पोचलं का, काहीच कळत नाही. तू बरा आहेस, एवढं तरी एका ओळीत कळव. शिव्या घातल्यास तरी चालेल, शिव्या घालणारा माणूस जिवंत असतो.

लॅबचा रिपोर्ट आणि माझ्या सहीचा कागद निरंजन सरांना नेऊन दिला. सरांनी उभ्यानेच वाचलं. मग म्हणाले, "ताई, तेव्हा सांगितलं असतं तर मी गेज बदलला असता. माणूस नसता बदलला." चहाला थांबा म्हणाले नाहीत. मीही थांबले नाही.

जयदीपनाही फोन केला. सगळं सांगितलं, घड्याळ बदलून दिलं त्याबद्दल कुणाचेही आभार मानू नका म्हटलं. पलीकडे भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला. त्यांनी फोन ठेवला. परत आलेला नाही.

आता फोन कमी वाजतो. लोकांनी आशा सोडली असावी. मोशीत आमच्या समोर नवी सोसायटी उभी राहतेय, दिवसभर यंत्रं चालतात, त्यामुळे घरात अगदीच शांतता नसते. शालनबाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "जेवलीस का?" एवढंच. पण जेवण घेऊन आल्या.

मी रोज अंदमानच्या बातम्या बघते. हवा, वारा, बोटी. कुठे अपघात नाही असं दिसलं की दिवस सुरू करते.

ताई


२७ नोव्हेंबर २०२५

गणू,

आज पार्सल आलं.

वरचं अक्षर तुझं. 'मोशी'चा श अजून वाकडाच काढतोस. आत चिठ्ठी असेल म्हणून मी खोक्याच्या घड्यासुद्धा उलगडून बघितल्या. नव्हती. मग घड्याळ हातात घेतलं. आधीच्या दोन पत्रांना तू हलला नाहीस, खरं लिहिलं तेव्हा पाठवलंस, हे माझ्या लक्षात आलंय.

शालनबाई शेजारी बसल्या होत्या. मी केबल लावली. मला बघायचं होतं की तू त्याच्यावर किती वेळा खाली गेलास, किती खोल, वर येताना किती घाई झाली. एकेक डाइव्ह वाचून काढायची आणि प्रत्येकीला 'वाचला, वाचला' म्हणायचं, असं मनाशी ठरवलं होतं. अडीच वर्षांच्या डाइव्ह म्हणजे हजारभर तरी असतील, रात्र जाईल, म्हणून भातही आधीच लावून ठेवला होता.

यादीत एकच ओळ आली. १९ ऑक्टोबर २०२२. अठ्ठावीस मीटर, सहा मिनिटं.

तो अंदमानचा समुद्र नव्हता. तो माझा पॉट होता, कुरुळीतला. मीच केलेली तपासणी. त्याच्या खाली काहीच नाही. केबल काढून परत लावली. लॅपटॉप बंद करून चालू केला. तेवढीच ओळ.

शालनबाई म्हणाल्या, "काय निघालं गं?"

मी म्हटलं, "काहीच नाही."

"मग रडतीस कशापायी?"

त्यांना काय सांगू? तू ते एकदाही पाण्यात घातलं नाहीस. इथून जाताना घेऊन गेलास, तीन वर्षं सांभाळलंस, पण मनगटाला बांधून समुद्रात उतरला नाहीस. म्हणजे मी भाकरी थापता थापता 'नाही' म्हटलं, तेव्हाच तुला कळलं होतं. त्या दिवशी दारातून तू सगळं बघितलं असशील, किंवा नसशीलही, पण बहिणीचा आवाज ओळखायला तुला गेज लागत नाही. सरांना तू एका वाक्यात सांगू शकला असतास. ते वाक्य गिळून तू बॅग भरलीस. मला वाटत होतं मी तुला फसवलं. तू तर सगळं माहीत असून माझी चूक अंगावर घेऊन निघून गेलास, आणि मी अडीच वर्षं तुला रुसका म्हणत बसले.

आनंद झाला की वाईट वाटलं, मला अजून कळत नाही. तू धडधाकट आहेस, हे वाचून देवासमोर साखर ठेवली. आणि माझ्या हातची वस्तू माझ्या भावाने विषासारखी बाजूला ठेवली, हे वाचून घड्याळ पदराखाली झाकलं. दोन्ही एकाच ओळीत वाचलं.

तू मला माफ कर, असं मी लिहिणार नाही. तेवढी समज आली आहे. ये, असंही म्हणणार नाही. खोली मात्र रिकामी केली, कांदे बाहेर काढले. तेवढं मला माझ्यासाठी करायचं होतं.

आणि ज्या नऊ जणांना मी 'कंपनीकडून' म्हणून फोन केले होते, त्यांना कालपासून परत करतेय. आता सांगते की मी विजयश्री, गेज माझ्या हातून पडला, मी ते लपवलं, कंपनीचा यात दोष नाही. कोण शिव्या घालतं, कोण फोन ठेवतं. गोव्याच्या गृहस्थांनी विचारलं, "हे आता का सांगताय? कुणाला कळलं तरी असतं का?"

कळलं होतं, मी म्हटलं. एकाला पहिल्या दिवसापासून कळलं होतं.

गणू, तू माझ्यावर विश्वास ठेवला नाहीस म्हणून आज हातीपायी धड आहेस. ज्यांनी ठेवला, त्यांतले दोघं अजून सापडलेले नाहीत. त्यांना शोधतेय.

विजयश्री